आठवड्याचे वीस तास आणि फीचा हिशेब

(वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षण)

या वेळची पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त जणांना एकच विचारायचंय : तिकडे शिकताना काम किती करता येतं? म्हणून हा अंक त्यालाच दिला. पत्रं थोडी कापली आहेत. नावं आणि कॉलेजं गाळली आहेत. नियम हे लिहितानाचे आहेत. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघायचेच, एजंटच्या गुळगुळीत पत्रकावर नव्हे.

प्रश्न : ताई, नमस्कार. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा इंजिनीअर झालाय. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात त्याला एक वर्षाच्या एम.एस्सी.ला सप्टेंबरचा प्रवेश मिळालाय. नाशिकच्या कॉलेज रोडवरचे सल्लागार म्हणतात, निम्मी फी आत्ता भरा, उरलेली तो तिथे काम करून भरेल. आठवड्याला वीस तास, उन्हाळ्यात तीन महिने फुल टाइम, आणि शिक्षण झालं की दोन वर्षं तिथेच नोकरी. घरचे म्हणतात, जमीन गहाण टाकू. काय करावं?

उत्तर : दादा, नमस्कार. आधी आकडे मांडू, नियम मग बघू.

ब्रिटनमध्ये २१ वर्षांपासून पुढच्या कामगाराला एप्रिल २०२६ पासून तासाला किमान १२.७१ पौंड द्यावे लागतात. विद्यार्थ्याला मिळणारी पहिली कामं बहुतेक याच दराची असतात. सुपरमार्केटात माल लावणं, हॉटेलात भांडी, गोदामात पॅकिंग. वीस तासांचे झाले २५४ पौंड, म्हणजे महिन्याला अकराशेच्या आसपास. आता दुसरा आकडा. लंडनबाहेर राहायला-खायला विद्यार्थ्याला महिन्याला १,१७१ पौंड लागतात, असं ब्रिटिश सरकारच धरतं. नऊ महिन्यांचे मिळून १०,५३९ पौंड ते व्हिसाच्या अर्जात दाखवायला लावतं, आणि पहिल्या वर्षाच्या फीतली जी रक्कम भरायची राहिली असेल तीही त्यात धरावी लागते. म्हणजे मुलाला विमानातून उतरल्या उतरल्या काम मिळालं, एकही खाडा पडला नाही, परीक्षेच्या आठवड्यातही तो भांडी घासत राहिला, तरी त्याचं स्वतःचं भाडं आणि जेवणसुद्धा पुरतं निघत नाही. मग उरलेली फी कुठल्या पैशातून भरायची, हे सल्लागारांना कागदावर लिहून मागा.

उन्हाळ्याचे तीन महिने फुल टाइम, हे तर सरळ चुकीचं आहे. पदवीच्या मुलांना उन्हाळी सुट्टी असते, त्यांना ते लागू पडतं. एक वर्षाच्या एम.एस्सी.त तो उन्हाळा प्रबंध लिहिण्याचा असतो आणि विद्यापीठाच्या लेखी ते सत्रच धरलं जातं. तेव्हाही मर्यादा वीस तासांचीच. पूर्ण वेळ काम नाताळच्या आणि ईस्टरच्या सुट्टीत, आणि नंतर अभ्यासक्रम अधिकृतपणे संपल्यापासून व्हिसा संपेपर्यंत. या तारखा विद्यापीठ लेखी देतं. काम देणाराही तो कागद मागतो. मुलाने प्रवेशाच्या वेळीच तो काढून घ्यावा.

वीस तास मोजायचे सोमवार ते रविवार. या आठवड्यात दहा केले म्हणून पुढच्या आठवड्यात तीस, असं चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास मिळून वीस. आणि एक गोष्ट त्याला नीट समजावून सांगा, कारण इथेच आपली मुलं अडकतात : मोबाइल अ‍ॅपवरून घरोघरी जेवण पोचवण्याचं काम स्टुडंट व्हिसावर करता येत नाही. पाच तासही नाही. तिथे तो कुणाचा नोकर नसतो, स्वतःचा धंदा करणारा मानला जातो, आणि या व्हिसावर धंद्याला मनाई आहे. मित्राच्या नावाचं खातं वापरून सायकल चालवणारी पोरं असतात. ती पकडलीही जातात.

शिक्षणानंतरच्या 'दोन वर्षां'चं म्हणाल, तर १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.वाले सोडून, दीड वर्षच मिळणार आहे. २०२६च्या सप्टेंबरात जाणारा मुलगा अर्ज करणार २०२७मध्ये. म्हणजे त्याच्या वाट्याला दीडच.

आता जमिनीचं. मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होते. सातबारा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला 'शेतजमीन तारण चालत नाही' हे सांगणं माझ्याकडे यायचं, आणि प्रत्येकाला तो आपला अपमान वाटायचा. कारण साधं आहे. बँकांना थकलेलं कर्ज कोर्टात न जाता वसूल करता यावं म्हणून जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बऱ्याच बँकांना घर किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. त्यांनी नाही म्हटलं की माणूस खासगी सावकाराच्या दारात जातो. तिथे जाऊ नका. एवढंच तारण असेल तर मुलाला दोन वर्षं इथे सातपूर-अंबडला किंवा पुण्यात नोकरी करू द्या. एम.एस्सी. कुठे पळून जात नाही.

आणि जायचंच ठरलं तर एक तुमच्या कामाचं. दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, एक दिवसही रक्कम खाली गेलेली चालत नाही, आणि ते २८ दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांच्या आत संपलेले हवेत. मार्चमध्ये व्यापाऱ्याचे पैसे आले, एप्रिलमध्ये त्यातून खतं-औषधांची उधारी फेडली, तर जूनच्या अर्जाला ते पैसे उपयोगाचे नाहीत. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र असेल तर ही २८ दिवसांची भानगड नाही. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, म्हणून लोकांना तोवर सगळं फुकट आहे असं वाटतं.

प्रश्न : ताई, मी सिडकोतली, सध्या मेलबर्नला मास्टर्स करतेय. एका रेस्टॉरंटमध्ये काम करते. मॅनेजर म्हणतो, पंधरवड्याला ४८ तास म्हणजे ४८, तू कसेही कर. मागच्या महिन्यात त्याने मला ओळीने २०, २८, २८ आणि २० तास लावले. त्याच्या हिशेबाने दोन पंधरवडे ४८-४८चे झाले. शिवाय गर्दीच्या दिवशी जादा तास रोखीत देतो, 'ते मोजायचे नाहीत' म्हणतो. आता मला कमी तास हवेत तर म्हणतो, इमिग्रेशनला कळवीन. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

उत्तर : अगं, तुझ्या मॅनेजरचा हिशेब चुकलाय, आणि त्याची किंमत तुझ्या व्हिसाला आहे, त्याला नाही.

ऑस्ट्रेलियाचा पंधरवडा म्हणजे कोणत्याही सोमवारी सुरू होणारे चौदा दिवस. तो पगाराच्या पंधरवड्याला बांधलेला नाही. पहिला-दुसरा आठवडा मिळून ४८, ठीक. तिसरा-चौथा ४८, तेही ठीक. पण दुसरा आणि तिसरा मिळून ५६ झाले, तो मर्यादेचा भंग. दर रविवारी रात्री मागच्या आठवड्याचे तास आणि या आठवड्याचे तास मिळवून बघायचे. वहीत लिही. रोस्टरचे, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकाचे, फोटो काढून ठेव. अभ्यासक्रमाच्या अधिकृत सुट्टीत ही मर्यादा नसते, तेव्हा हवे तेवढे कर. पण सुट्टीच्या तारखा विद्यापीठाच्या धरायच्या, आपला शेवटचा पेपर संपला त्या दिवसापासून नाहीत.

रोखीचे तासही तासच. नियम कामाचे तास मोजतो, पैसे कुठल्या खिशातून आले ते बघत नाही. रोखीत देणारा बहुतेक वेळा दरही मारतो. तिथे १ जुलै २०२५ पासून तासाला किमान २४.९५ डॉलर द्यावे लागतात, आणि तुझ्यासारख्या कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. तुझी पगाराची स्लिप काढून बघ. अठरा-वीस डॉलर हातावर टेकवत असेल तर तो तुझ्यावर उपकार करत नाहीये.

धमकीचं मात्र उलट आहे. व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला अटी मोडायला लावणं किंवा पिळणं हा जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात काम देणाऱ्याचा गुन्हा आहे. फेअर वर्क ऑम्बुड्समन नावाचं सरकारी कार्यालय आहे, सल्ला फुकट मिळतो, दुभाषाही मिळतो. विद्यापीठातही विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ला असतो का ते बघ, आधी तिथे जा. झालेल्या तासांबद्दल काय करायचं ते वकिलाला विचारून ठरव, मैत्रिणीला विचारून नाही. पुढचे रोस्टर मात्र आजपासून ४८च्या आत.

आईला सांग. सिडकोतल्या आया यापेक्षा मोठं काही ऐकून बसलेल्या असतात.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये कॉम्प्युटरचं एम.एस. करतोय, पहिलं सेमिस्टर आहे. माझ्या आतेभावाचा तिथे पेट्रोल पंप आणि दुकान आहे. शनिवार-रविवार गल्ल्यावर बस म्हणतात. घरचेच आहेत, पगार नाही घेतला आणि नुसती मदत केली तरी चालणार नाही का? दुसरं, इथल्या एका कंपनीचं काम तो लॅपटॉपवर करत असे, ते चालू ठेवलंय. — एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, गल्ल्यावर बसायचं नाही. पगार घेऊन नाही आणि न घेताही नाही. जे काम एरवी माणूस ठेवून, पगार देऊन करून घेतलं जातं, ते फुकट केलं तरी अमेरिकेच्या लेखी ते कामच. आतेभावाला वाईट वाटेल, वाटू दे. त्यांनाही दंड होऊ शकतो हे सांगा, म्हणजे आग्रह आपोआप कमी होईल.

एफ-१ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, पहिल्या वर्षी वाट एकच : कॅम्पसमधलं काम. ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा, प्राध्यापकाचं सहायकपद. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्ण वेळ. ही कामं थोडी आणि मागणारे फार, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकावे लागतात. कॅम्पसबाहेरचं काम पूर्ण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर, तेही अभ्यासाशी जोडलेलं आणि परवानगीने. शिकतानाच्या इंटर्नशिपला 'सीपीटी' म्हणतात, नंतरच्या नोकरीला 'ओपीटी'. ओपीटी बारा महिने, आणि त्याच्यासारख्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला वर आणखी चोवीस. पूर्ण वेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त केली तर त्या पदवीवरची ओपीटी गेली. हे वाक्य त्याला दोनदा वाचायला लावा. पहिल्या दिवसापासून सीपीटी देतो म्हणणाऱ्या संस्थांपासून लांबच राहावं, असं माझं मत.

लॅपटॉपवरच्या कामाचं : पैसे नाशिकच्या खात्यात येतात म्हणून ते काम नाशिकला होतंय असं नाही. माणूस टेक्सासमध्ये बसलाय. तो ते आज थांबवू दे आणि विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटू दे. परवानगीशिवाय काम केल्याचं निघालं तर सरकारी प्रणालीतली त्याची नोंद बंद होते, आणि शिक्षण नीट पूर्ण करणाऱ्याला आवरासावर करायला जे साठ दिवस मिळतात ते अशा वेळी मिळत नाहीत. पुढे प्रत्येक व्हिसाच्या अर्जात तो प्रश्न उभा राहतो. महिन्याच्या वीस-पंचवीस हजारांसाठी हे पत्करू नये.

प्रश्न : कॅनडात तास मोजतच नाहीत, फुल टाइम करता येतं, असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं का? आणि टोरांटोच्या कॉलेजात जानेवारीत सुरू होणारा कोर्स आहे, नोव्हेंबरातच जाऊन काम पकडलं तर?

उत्तर : व्हिडिओची तारीख बघितलीत का? १५ नोव्हेंबर २०२२ ते ३० एप्रिल २०२४ या काळात ती सूट खरोखर होती. ती संपली. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. अधिकृत सुट्टीत मर्यादा नाही, पण वर्षभरात अशा सुट्ट्या मिळून १८० दिवसांपर्यंतच, आणि सुट्टीच्या आधी व नंतर तुम्ही पूर्ण वेळ विद्यार्थी असायला हवं.

नोव्हेंबरात जाऊन काम, अजिबात नाही. कोर्स सुरू झाल्याशिवाय एक तासही काम करता येत नाही. त्यासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबरही नंतरच. नोव्हेंबर-डिसेंबर तिथे बसून नुसतं भाडं भराल, थंडीही तेव्हाच चढते. कोर्समधून मध्येच रजा घेतली तर त्या रजेतही काम बंद. कॉलेज बदलायचं झालं तर आता नवा स्टडी परमिट काढावा लागतो, नुसतं ऑनलाइन कळवून भागत नाही.

वरच्या इंदिरानगरच्या ताईंच्या प्रश्नाला कॅनडाचं उत्तर वेगळं आहे. कॅनडात बसून कॅनडाबाहेरच्या कंपनीचं ऑनलाइन काम केलं तर ते २४ तासांत धरत नाहीत. म्हणून म्हणते, एका देशात गेलेल्या मावसभावाला दुसऱ्या देशाचा नियम विचारू नका.

प्रश्न : जर्मनीत फी नाही म्हणतात. मग काम करून राहण्याचा खर्च निघेल ना? मेकॅनिकल, शेवटचं वर्ष, नाशिकरोड.

उत्तर : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, थोडी सत्र-वर्गणी असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. श्टुटगार्ट त्याच राज्यात येतं, आणि मेकॅनिकलवाल्यांचा ओढा तिकडेच, म्हणून सांगितलं.

तुमचं काम तास नाही तर दिवस मोजून होतं. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंत अर्धा दिवस. विद्यापीठातच सहायक म्हणून केलेलं काम सहसा यात धरत नाहीत, म्हणून ते आधी शोधा. फ्रीलान्स कामाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

पण व्हिसाच्या आधीच एका वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२च काढता येतात. तेव्हा 'काम करून बघू' ही सोय पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी देतच नाही, आणि ते बरंच आहे. भाषा मात्र इथेच शिका. कोर्स इंग्रजीत असला तरी बेकरीतलं गिऱ्हाईक इंग्रजीत पाव मागत नाही. जर्मनच्या बी-वन या मधल्या पातळीपर्यंत पोचलेल्या मुलाला आणि न पोचलेल्याला मिळणाऱ्या कामात फार फरक पडतो.

प्रश्न : आयर्लंडबद्दल दोन ओळी लिहा.

उत्तर : दोनच लिहिते. सत्रात आठवड्याला २० तास. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास. या तारखा सगळ्यांना सारख्या, कॉलेजची सुट्टी कधी आहे याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : मॅडम, माझा प्रश्न उलटा आहे. गंगापूर रोडला माझं छोटं कॅफे आहे. इथे शिकायला आलेली आफ्रिकेतली एक मुलगी संध्याकाळी काउंटरवर काम मागते. हुशार आहे, इंग्रजी उत्तम. ठेवू का? ती आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायला यायचं म्हणते.

उत्तर : नोकरीवर ठेवू नका. भारताच्या स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. वीस तास नाही, दहा तासही नाही. आपली मुलं तिकडे जाऊन जे मागतात ते आपण इथे येणाऱ्यांना देत नाही, हे मला स्वतःला खटकतं. पण नियम आहे, आणि पकडली गेली तर शिक्षण तिचं बुडेल. तिच्या कॉलेजला स्टायपेंड किंवा फी-सवलत आहे का ते विचारायला तिला सांगा. नेपाळची मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसाही लागत नाही आणि काम करायलाही आडकाठी नाही.

खोली जरूर द्या. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांच्या आत 'फॉर्म ३' (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत आधीच घेऊन ठेवा, आणि भाडेकराराची नोंद पोलीस ठाण्यातही करा.